संगणकाच्या गाभ्याची देखभाल कोणी करावयाची?

१९ जुलै २०२४ रोजी मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी करणारे संगणक एकाएकी बंद पडले आणि काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्याच दिवशी परदेशांतील इस्पितळांत शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, बँकांचे व्यवहार अडले, काही दूरचित्रवाणी केंद्रांचे प्रक्षेपण थांबले. हा शत्रुराष्ट्राचा हल्ला नव्हता किंवा कोठे वीजही गेलेली नव्हती. ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकन सुरक्षा-कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे नित्याप्रमाणे एक छोटी फाइल पाठविली होती, एवढेच घडले होते. या फाइलीत एकविसाव्या रकान्याचा आधार घेतलेला होता. ती वाचणाऱ्या कार्यक्रमाला प्रत्यक्षात वीसच रकाने पुरविले जात होते. एकविसाव्याच्या शोधात तो कार्यक्रम जेथे काहीच नव्हते अशा जागी गेला आणि त्याच्याबरोबर सारा संगणकच कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे असे सुमारे ८५ लाख संगणक त्या दिवशी बंद पडले.

कोणत्याही कचेरीत तक्त्याचा एक रकाना चुकला तर फार तर कागद परत येतो. कचेरीची इमारत कोसळत नाही. येथे मात्र एका रकान्याने इमारत पाडली. असे का व्हावे, या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर थोडक्यात देता येते. परंतु त्या उत्तराच्या पोटात अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे व तोच या लेखाचा विषय आहे. नवे बांधण्यासाठी पैसा आणि मानसन्मान दोन्ही मिळतात. बांधलेले सांभाळण्यासाठी ते कोणी द्यावयाचे?

दुभाष्याचे काम

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे मूळ कार्यप्रणालीचा, एक अंतर्भाग असतो. त्याला ‘कर्नल’ म्हणतात. सैन्यातील हुद्द्याशी त्याचा संबंध नाही. फळातील गर किंवा देवळातील गाभारा या अर्थाने तो शब्द घ्यावा. या गाभ्याला स्वतः छपाईयंत्र कसे चालते, पडद्यावर चित्र कसे उमटते, अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण कोणत्या सांकेतिक भाषेत बोलते, यांतील काहीच ठाऊक नसते. प्रत्येक उपकरणाची भाषा वेगळी. म्हणून प्रत्येकासाठी एकेक दुभाषा नेमावा लागतो. या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ असे नाव पडले आहे. ते नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. कारण तो गाडी हाकीत नाही, तर दोन परक्यांचे एकमेकांशी बोलणे घडवून आणतो.

अडचण अशी की, या दुभाष्याला बहुधा गाभाऱ्यातच बसवावे लागते. बाहेरच्या सभामंडपात कोणी घसरून पडला तर पूजा थांबत नाही. गाभाऱ्यात दिवा कलंडला तर सर्वांनाच बाहेर पळावे लागते. लेखनाचा एखादा सर्वसामान्य कार्यक्रम चुकला तर तेवढा एक बंद पडतो, ड्रायव्हर चुकला तर सारा संगणक. शिवाय गाभ्याचे लेखन मोजक्या तज्ज्ञांच्या हातून होते, तर ड्रायव्हर हे उपकरणे विकणाऱ्या शेकडो कंपन्यांच्या घाईगर्दीतून जन्माला येतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली कर्नलमधील चुकांची मोजदाद केली. त्या वेळी ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण उर्वरित भागांच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळले. ‘विंडोज एक्सपी’ या एके काळी घरोघर असलेल्या प्रणालीबाबत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरमुळे होत असल्याचे नमूद केलेले आहे. २०२४ च्या जुलैमध्ये चुकलेला कार्यक्रमही गाभ्यात बसविलेला असा ड्रायव्हरच होता.

न झिजणारी वस्तू का बिघडते?

येथे कोणीही सुज्ञ वाचक विचारील की, यंत्र झिजते, पट्टा तुटतो, तेल संपते. पण लिहून ठेवलेल्या मजकुराची कसली आली आहे देखभाल? एकदा नीट लिहिलेला ड्रायव्हर दहा वर्षांनीही तसाच असणार.

तो तसाच राहतो हे खरे आणि नेमकी अडचण तीच आहे. तो बदलत नाही, पण त्याच्या भोवतालचे सर्व काही बदलते. कर्नलची अंतर्गत रचना सुधारली जाते; उपकरणाची नवी आवृत्ती त्याच नावाने परंतु थोड्या वेगळ्या स्वभावाने बाजारात येते; काल निर्धोक वाटणाऱ्या वाटेने आज चोर शिरतो. गावचा रस्ता उंच केला म्हणजे जुन्या घराचा उंबरठा आपोआप खाली जातो आणि पावसाचे पाणी आत येऊ लागते. घर तर हललेले नसते.

‘लिनक्स’ या कार्यप्रणालीत या प्रश्नावर एक विलक्षण तोडगा काढण्यात आला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा कर्नल आज बहुसंख्य मोबाइल फोनांत आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणकावर नोव्हेंबर २०१७ पासून त्याचेच राज्य आहे. त्याची संहिता सुमारे चार कोटी ओळींच्या घरात गेली असून तिचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनी व्यापला आहे. तेथील नियम असा, की ज्या ड्रायव्हरची संहिता मूळ भांडारात सर्वांसमक्ष ठेवलेली आहे, त्याच्यापुरती अंतर्गत रचना बदलणाऱ्याचीच जबाबदारी राहते. रस्ता जो उंच करील त्याने भोवतालच्या सर्व घरांचे उंबरठेही उचलून द्यावयाचे. जो आपला ड्रायव्हर गुप्त राखून भांडाराबाहेर ठेवील, त्याचे त्याने पाहून घ्यावे. प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे त्याची देखभाल करणाऱ्याचे नाव एका जाहीर यादीत लिहिलेले असते. दुरुस्ती कोणीही सुचवावी; परंतु तपासून स्वीकारण्याचे उत्तरदायित्व त्या नावावर.

या चळवळीची एक ठिणगीदेखील ड्रायव्हरच्याच प्रश्नातून उडाली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचे छपाईयंत्र मिळाले. कागद अडकला तर सर्वांना सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या यंत्राच्या संहितेत करून घेतली होती. नव्या यंत्राची संहिता मात्र कंपनीने दिली नाही आणि ती ज्याच्यापाशी होती त्यानेही गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखविले. दुरुस्तीचे ज्ञान असलेल्या माणसाला दुरुस्तीचा अधिकार नाही, ही गोष्ट त्यांना असह्य झाली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला. टोरवाल्ड्‌स यांचा कर्नल पुढे त्यांच्याच परवान्याखाली जगाला मिळाला.

विक्री संपते, वापर संपत नाही

आता अर्थशास्त्राकडे वळू. लिनक्सचे काम हौशी लोक रात्री जागून करतात, अशी एक भाबडी समजूत आहे. वस्तुतः कर्नलमधील बहुतांश काम आज पगारी अभियंते करतात. इंटेल, एएमडी, रेड हॅट, गूगल अशा कंपन्या त्यांना वेतन देतात. यात धर्मादाय काही नाही. आपली नवी चिप बाजारात खपावयाची तर तिचा ड्रायव्हर लिहिलेला असला पाहिजे, हा साधा व्यापारी हिशेब त्यामागे आहे.

तथापि याच हिशेबातून बाजारपेठेची सीमारेषाही स्पष्ट होते. कंपनीला ड्रायव्हरमध्ये रस असतो तो उपकरण विकले जाते तोवर. ग्राहकाला त्याची गरज असते ती उपकरण वापरले जाते तोवर. या दोन मुदतींमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात देखभालीचा खर्च करण्यास बाजारपेठेतील कोणीही बांधलेला नाही. श्रीमंत देशांत हे अंतर लहान असते, कारण तेथे वस्तू लवकर टाकून दिली जाते. आपल्या शाळांत, ग्रामपंचायतींत आणि लहान सहकारी पतसंस्थांत मात्र एकदा घेतलेला संगणक चालेल तितकी वर्षे चालविला जातो. म्हणजे ज्याची ऐपत कमी, त्याच्यासाठी हे अंतर सर्वांत मोठे, असा हा न्याय आहे.

उदाहरणे हवी तितकी आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ चा नियमित आधार थांबविला. पुढची आवृत्ती अनेक जुन्या संगणकांवर चालतच नाही; कारण तिला विशिष्ट प्रोसेसर व सुरक्षेची विशिष्ट चिप लागते. यंत्र धडधाकट असूनही ते एका तारखेला म्हातारे ठरले. मोबाइलचे तेच. चिप बनविणारी कंपनी आपले ड्रायव्हर मूळ भांडाराबाहेर ठेवते. तिने हात आखडता घेतला की फोन बनविणाऱ्यालाही नवी आवृत्ती देणे दुरापास्त होते आणि चांगला चालणारा फोन असुरक्षित बनतो. युरोपीय संघाने हे दुखणे ओळखले. २० जून २०२५ पासून तेथे लागू झालेल्या नियमांनुसार फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या उपलब्ध करणे उत्पादकावर बंधनकारक झाले. विक्रीची मुदत आणि वापराची मुदत यांतील अंतर कायद्याने मान्य केले, हे त्या नियमाचे खरे महत्त्व. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ उघडले. परंतु संकेतस्थळ म्हणजे बंधन नव्हे.

मुक्त संहितेच्या जगातही सर्व आलबेल आहे असे समजू नये. जुलै २०१९ मध्ये लिनक्समधील फ्लॉपी डिस्कचा ड्रायव्हर ‘अनाथ’ म्हणून नोंदला गेला. देखभाल करणाऱ्यापाशी चालू स्थितीतील फ्लॉपीयंत्रच उरले नव्हते. संहिता सर्वांसाठी खुली होती, मात्र तिची परीक्षा घेण्याचे साधन नव्हते. पुढे एकाने ती जबाबदारी उचलली, हा भाग वेगळा. सप्टेंबर २०२३ मध्ये तर याहून गंभीर घोषणा झाली. कर्नलच्या काही निवडक आवृत्त्या सहा वर्षांपर्यंत सांभाळल्या जात. ती मुदत यापुढे दोन वर्षांवर आणावी असे ठरले. सांभाळणारी माणसे थकली आहेत व त्यांना पुरेसे पाठबळ नाही, हे कारण त्या वेळी उघडपणे चर्चिले गेले. सारे जग ज्या पायावर उभे आहे त्या पायाला पाणी घालणारे हात मोजके आहेत आणि तेही दमलेले आहेत.

देखभालीतून निर्मिती: एक विसरलेला धडा

यावर असे म्हटले जाईल, की हा सारा मोठ्या राष्ट्रांचा आणि मोठ्या कंपन्यांचा खेळ. आपण त्यात काय करणार? या शंकेला आपल्याच इतिहासाने एक उत्तर देऊन ठेवले आहे.

विदेशी चलन नियमन कायद्यानुसार भारतातील परकीय कंपन्यांना भागभांडवलातील आपला हिस्सा कमी करणे भाग होते. आयबीएमने ते मानले नाही आणि १९७८ साली ती येथून निघून गेली. अन्यत्र जुनी ठरलेली तिची १४०१ मालिकेची यंत्रे येथे भाड्याने चालत होती. कंपनी गेली, यंत्रे राहिली. विक्री संपली, वापर चालू होता. आता या यंत्रांचे करावयाचे काय? त्या वेळी उपयोगी पडली ती सरकारने १९७५ च्या अखेरीस स्थापन केलेली एक सार्वजनिक कंपनी, कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन. नावातच देखभाल असलेल्या या संस्थेने देशभर विखुरलेल्या आयबीएमच्या यंत्रांची निगा आपल्याकडे घेतली.

यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. नाना कंपन्यांची यंत्रे उघडून, त्यांचे दोष शोधून, एकाचे दुसऱ्याशी जुळवून घेता घेता या अभियंत्यांना जे ज्ञान मिळाले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वे-आरक्षणाचे संगणकीकरण झाले ते याच संस्थेकडून. खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या सामान्य भारतीयाला संगणक प्रथम भेटला तो बहुधा तेथे. दुरुस्ती हे हलके काम आणि निर्मिती हे उच्च काम, ही उतरंड किती खोटी आहे ते या एका उदाहरणावरून कळावे. पुढे २००१ साली ही कंपनी टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन झाली. तिच्या खासगीकरणाचा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. खंत एवढीच, की देखभाल हे राष्ट्रीय कार्य मानणारी ती दृष्टीही तिच्याबरोबर आपण गमावली.

आज त्या दृष्टीची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे, असे अलीकडच्या दोन घटनांवरून दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून रशियाशी संबंधित सुमारे डझनभर नावे वगळण्यात आली. त्यांपैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या ड्रायव्हरची निगा राखीत होते. अमेरिकेचे निर्बंध पाळण्यावाचून गत्यंतर नाही, असा खुलासा त्या वेळी झाला. संहिता मुक्त राहिली. तिच्या दारावरील अधिकार मात्र एका राष्ट्राच्या कायद्याखाली आला. जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबविल्या. या कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा आहे आणि युरोपीय संघाने नुकतेच तिच्यावर निर्बंध लादले होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पण भारतीय भूमीवरील, भारतीय कायद्याप्रमाणे चालणाऱ्या कारखान्याची कळ दुसऱ्या खंडात आहे, हे त्या आठवड्यात सर्वांना दिसले.

या दोन प्रसंगांतून परस्परविरुद्ध भासणारे, परंतु एकाच दिशेचे दोन बोध होतात. बंदिस्त प्रणालीत मालकी विकणाऱ्याची राहते. मुक्त प्रणालीत ती सर्वांची असते, पण निर्णय सांभाळणाऱ्यांच्या हाती जातो. तेव्हा केवळ मुक्त प्रणाली स्वीकारून भागत नाही. सांभाळणाऱ्यांत आपली माणसे असावी लागतात.

गायरान आणि फड

मुक्त संहिता हे एक गायरान आहे, असे म्हणावयास हरकत नाही. सामायिक कुरणावर प्रत्येक जण आपली गुरे सोडतो, निगा कोणीच राखत नाही आणि कुरण उजाड होते, असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ शिकविले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी या सिद्धांताला प्रत्यक्ष पाहणीने छेद दिला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामायिक संपत्ती टिकते, मात्र त्यासाठी लाभाच्या प्रमाणात भार उचलण्याचे नियम हवेत, राखणदार हवा आणि तो उपभोक्त्यांना जबाबदार असावा, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेली फड-पद्धती याहून वेगळे काय सांगते? पाटाची सफाई सर्वांनी मिळून करावयाची, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा मोबदला सर्वांनी द्यावयाचा आणि टंचाई आली तर तीही वाटून घ्यावयाची. लिनक्सची जाहीर यादी म्हणजे पाटकऱ्यांचीच यादी आहे. प्रश्न इतकाच, की पाणी घेणाऱ्या भारताने पाटकऱ्याचा वाटा किती दिला?

सांगली जिल्ह्याला तर हा प्रश्न परका वाटू नये. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांवर प्रचंड भांडवली खर्च झाला. तथापि विजेचे बिल थकले म्हणून पंप थांबल्याचे आणि आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी न पोहोचल्याचे प्रसंग आपण पाहिले आहेत. अखेर वीजबिलातील ८१ टक्के वाटा शासनाचा व १९ टक्के शेतकऱ्यांचा, असे सूत्र ठरवावे लागले. ते सूत्र योग्य की अयोग्य यावर मतभेद असतील. पण चालविण्याचा खर्च कोणाचा हे ठरल्याखेरीज बांधलेली योजना म्हणजे केवळ काँक्रीट, हे सर्वांना मान्य झाले. संगणकाच्या बाबतीत आपण अद्याप तेथवरही आलेलो नाही. सरकारी हिशेबात यंत्र भांडवली खर्चात जाते. निगा महसुली खर्चात पडते व काटकसरीचे परिपत्रक निघाले की पहिली कात्री तिलाच लागते. त्या निगेतही पंखा बदलणे, धूळ झटकणे एवढेच गृहीत असते. ड्रायव्हरच्या देखभालीला तर हिशेबात लेखाशीर्षच नाही.

काय करता येईल?

धोरणांचा आपल्याकडे तुटवडा नाही. सरकारी कामात मुक्त संहितेला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ चे आहे. सी-डॅकने लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही कार्यप्रणाली २००७ मध्येच दिली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ नावाच्या देशी प्रणालीकडे वळण्याचे ठरविले. डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. परंतु ‘बॉस’ काय किंवा ‘माया’ काय, त्यांच्या पोटातील कर्नल तोच जागतिक कर्नल आहे. उद्या चिप भारतात घडली तरी तिच्यासाठी दुभाषा लिहावा लागणार आणि पंधरा वर्षे सांभाळावा लागणार. नाव स्वदेशी ठेवल्याने गाभा स्वदेशी होत नाही. तो सांभाळल्याने होतो.

यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली खरेदीची. सरकार हा संगणक, छपाईयंत्रे व ठसे घेणारी उपकरणे यांचा फार मोठा ग्राहक आहे. ज्या उपकरणाचा ड्रायव्हर मूळ भांडारात खुला आहे तेच घेतले जाईल, किंवा आधार थांबविण्याच्या दिवशी त्याची संहिता खुली करण्याचे बंधन विक्रेत्याने स्वीकारले पाहिजे, एवढी एक अट निविदेत घातली तर नवा पैसा न खर्चता मोठा बदल होईल. रेशन दुकानातील यंत्राशी जोडलेले अंगठ्याचे उपकरण केवळ संवाद तुटल्याने निकामी झाले, तर त्याची किंमत कंपनी नव्हे, रांगेतली म्हातारी मोजते.

दुसरी गोष्ट निधीची. जर्मनीने २०२२ साली मुक्त संहितेच्या पायाभूत भागांची निगा राखणाऱ्यांसाठी सरकारी निधी स्थापन केला. आपल्याकडे झेरोधा या दलाली पेढीने ऑक्टोबर २०२४ मध्ये दरवर्षी दहा लाख डॉलरपर्यंत देण्याची योजना जाहीर केली. खासगी पेढीला जे सुचले ते सरकारला सुचू नये, याचे नवल वाटते. पुण्याच्या सी-डॅकमध्ये कायम वेतनावर पन्नास-शंभर देखभालकर्ते नेमण्याचा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. आमच्या विश्रामबागेत १९४७ साली स्थापन झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील लिनक्स युजर्स ग्रुप ही विद्यार्थ्यांची संघटना नवागतांना या प्रणालीची दीक्षा देत आली आहे. अशी मंडळे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. अशा प्रत्येक महाविद्यालयाने पाच-दहा जुन्या ड्रायव्हरांचे पालकत्व घ्यावे. आपल्या जिल्ह्यातील शाळांत प्रत्यक्ष वापरात असलेली उपकरणे प्रयोगशाळेत मांडावी, कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर ती तपासावी आणि दोष आढळल्यास दुरुस्ती पाठवावी. फ्लॉपीच्या उदाहरणात उणीव होती ती चालत्या यंत्राची. जुनी यंत्रे तर आपल्याकडे मुबलक आहेत. अनेकांच्या दृष्टीने जे भंगार, ते या कामात भांडवल ठरेल. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो, तेव्हा हे काम सत्रपद्धतीत सहज बसणारे आहे. अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पात दरसाल तीच ती हजेरीपटाची नवी प्रणाली लिहिण्यापेक्षा, स्वीकारल्या गेलेल्या एका दुरुस्तीला विद्यापीठाने अधिक गुण द्यावेत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एका स्पर्धेतील टी-शर्टासाठी मुक्त प्रकल्पांवर निरर्थक दुरुस्त्यांचा पूर लोटला व त्यात भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा असल्याची टीका झाली. एप्रिल २०२१ मध्ये, हेतुपुरस्सर सदोष दुरुस्त्या पाठवून प्रयोग केल्याबद्दल अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाकडून येणारे कामच लिनक्सने काही काळ नाकारले. या क्षेत्रात दुर्मीळ आहे ती तपासणाऱ्याची सवड, दुरुस्त्या नव्हेत. गुणांसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी कचरा पाठविणे म्हणजे पाटकऱ्याला मदत करण्याच्या नावाखाली पाटात दगड टाकणे होय. म्हणून महाविद्यालयाने आधी आपल्या घरी तपासावे, ज्येष्ठाने सही करावी आणि मगच दुरुस्ती बाहेर पाठवावी. ही शिस्त अंगी बाणली तरच आपले विद्यार्थी दुरुस्ती सुचविणाऱ्यांतून ती स्वीकारणाऱ्यांत, म्हणजे यादीतील नावांत, पोहोचतील.

कोणी म्हणेल, की चार वर्षे शिकून मुलाने जुन्या छपाईयंत्राचे दुभाषेपण करावे काय? त्याला मोठ्या पगाराची नोकरी नको काय? जरूर हवी. परंतु ज्याने चार कोटी ओळींच्या अरण्यात शिरून दुसऱ्याची चूक शोधली, ती का घडली हे समजून घेतले आणि जगातील कठोर परीक्षकांसमोर आपली दुरुस्ती टिकवून दाखविली, त्याला नोकरीची भ्रांत पडण्याचे कारण नाही. कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनाही प्रारंभी दुसऱ्यांची जुनी यंत्रेच हाताळावी लागली होती.

रस्त्याचे उद्घाटन होते, खड्डा बुजविल्याचा समारंभ होत नाही; पण प्रवास चालू राहतो तो खड्डे बुजविणाऱ्यांमुळे. संगणकाच्या गाभ्यातील दुभाष्यांची निगा हे असेच फीत न कापता करावयाचे काम आहे. ते परकीयांवर सोपविणारे राष्ट्र कितीही संगणक विकत घेवो, ते भाडेकरूच राहील. कायद्याच्या कागदावर मालकी खरेदीखताने मिळते. यंत्राच्या बाबतीत मात्र जो दुरुस्त करू शकतो तोच अखेर मालक असतो.